दोनदा ठोकलेला सहा

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी कानशीने घासून लोखंडावर आठचा आकडा ठोकायचा पंच बनवायला अकरा संध्याकाळी लागतात. एकच्या आकड्याला अर्धी पुरते.

सरकारने एके दिवशी सांगितलं, उद्यापासून सगळ्यांनी रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं. बसची दारं मात्र डावीकडेच राहिली. तेव्हापासून माणसं रस्त्याच्या मधोमध उतरू लागली. चाळीस वर्षं झाली, काही जुन्या बसगाड्यांमधून अजून मधोमधच उतरतात.

चिंच, मीठ, आणि मासे मुरवायच्या रांजणाचं तळाचं पाणी. तीन दिवस चोपडायचं. चौथ्या दिवशी कालचं लोखंड तीस वर्षांचं होतं.

मंडालेत चहावाल्याला बोलवायचं तर ओठांचा चंबू करून मुका घेतल्यासारखा आवाज काढतात. पुढचे दात गेल्यापासून ऊ फो शेइनला तो आवाज काढता येत नाही. तो हात वर करतो, आणि कोणी बघत नाही.

हातातल्या आरशाने ऊन वळवून ट्रकच्या पोटाखाली पाडता येतं. हात स्थिर हवा.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला जुन्या गाड्यांच्या आवारात, सातव्या रांगेतल्या शेवर्ले ट्रकखाली तो उताणा पडलेला असताना, त्याच्या मधल्या बोटाखाली सहाचा आकडा आला. त्या सहाला दुहेरी कड होती.

त्याने बोट उचललं नाही. पाठीखाली गोणपाट होतं, गोणपाटाखाली खडी, आणि नाकापासून वीतभर अंतरावर चॅसिसची जाड लोखंडी पट्टी. तिच्यावरचा ऑइल-धुळीचा लगदा त्याने नुकताच खरवडून काढला होता. नंबर अजून दिसत नव्हता, दिसायची गरजही नव्हती. नंबर आधी बोटांनी वाचायचा आणि मग डोळ्यांनी, अशी त्याची रीत. डोळा कागदावरचा नंबर वाचून आलेला असतो, म्हणून लोखंडावर त्याला तोच दिसतो. बोटाने कागद वाचलेला नसतो. दोन वर्षांत या आवारात त्याने किती गाड्या बोटांनी वाचल्या, त्याची गणती नव्हती. सरकारने जाहीर केलं होतं की ज्याच्याकडे फार जुनी गाडी आहे त्याने ती इथे आणून द्यावी, गाडी भट्टीत जाईल आणि मालकाला परदेशातून एक नवी आणायचा परवाना मिळेल. मग वरच्या मुलखातून युद्धातल्या जीपा आल्या, लाकडी सांगाड्यांचे ट्रक आले, तीन रंगांखाली मूळचा राखाडी लपवून बसलेले ट्रॅक्टर आले. एकेका गाडीत चार-चार गाड्या होत्या. इंजिन जपानी, गिअरपेटी इंग्रज, मागचा आस कुठल्याशा तोफेच्या गाड्याचा, हौद्याला सागवान. या देशात गाडी म्हणजे नंबर, बाकी सगळं बदलत राहतं, हे लहान पोरालाही ठाऊक. आवारापुढचा प्रश्न एवढाच असे, की नंबर त्या लोखंडावर जन्माला आला, की मागून बसवला. सरकारी नोंदीत नंबर नसलेल्या गाडीला लोक ‘विदाउट’ म्हणत. विदाउटला रात्रीतून नंबरवाली करणारे हात मंडालेत पूर्वी पाच-सहा होते. त्यातले पाच मेले. उरलेला आवारात नोकरीला लागला, कारण चोराची वाट चोरालाच दिसते, असं आधीचा अधिकारी म्हणाला होता, आणि ऊ फो शेइन त्यावर मान खाली घालून हसला होता.

सहा. सहाच्या पोटाशी, डावीकडे, केसाएवढी दुसरी कड. पंच एकदा बसला, उडाला, आणि दुसरा घाव बाजूला पडला. बोट पुढे सरकलं. चार, वरून उघडा. कारखान्याचा चार वरून उघडा असतो. तो मिटलेला करणाऱ्या दोघा शहाण्यांना ऊ फो शेइनने गेल्याच वर्षी पकडून दिलं होतं. मग शून्य, मग दोन. दोनची शेपटी जमिनीला समांतर न जाता अंमळ वर उचललेली, कारण कारखान्याच्या पंचाची ती खोड होती, आणि ती खोड आपल्या पंचात हुबेहूब उतरवायला त्याने कानस टाकून भिंगाखाली शिवणाची सुई वापरली होती. इथे त्याचं बोट थांबलं. भीती नव्हती ती. जत्रेत हरवलेलं मूल एकतीस वर्षांनी मिशा घेऊन समोर उभं राहावं, तसं काहीतरी. आणि त्या मुलाच्या ओठाला जन्मखूण असावी, आपल्याच हातून पडलेली.

ट्रकच्या पलीकडे दोन बायकांचे पाय दिसत होते. एक पायांची जोडी तरुण, रबरी चपलांतली. दुसरीच्या पायांत मखमली पट्ट्यांच्या चपला, लाल मखमल झिजून तपकिरी झालेली, टाचांना भेगा, उजव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. माणूस ओळखायची ही उलटी तऱ्हा, आधी ट्रक आणि मग पाय. एकतीस वर्षांपूर्वी ती अनवाणी होती. पाण्याच्या सणात उडवलेलं पाणी अंगणात घोट्याएवढं साचलं होतं, आणि तो याच ट्रकखाली याच खांद्यावर कलंडून पडलेला असताना तो वळलेला अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर चिखलात आत-बाहेर करत होता. वर अधिकारी को यान नाइंग कागदावरून नाव वाचत होता. दॉ न्वे यी. नवऱ्याचं नाव, को ल्हा ट्वे, मयत. गाडी सासऱ्याने युद्धानंतरच्या लिलावात घेतलेली. बाई हो म्हणत होती. तिचा आवाज बसला होता, पण शब्दाच्या शेवटी तो वर उचलायची लकब तीच होती, त्या दोनच्या शेपटीसारखी.

को ल्हा ट्वेचा, म्हणजे सगळ्यांच्या को ट्वेचा, नंबरवाला ट्रक डोंगरातल्या घाटात दरीत गेला होता. कागद घरी राहिले, लोखंड दरीत. भंगारवाल्यांनी ते तुकड्यांनी वर आणून विकलंही. मग को ट्वेने कुठूनसा दुसरा ट्रक जुळवला, त्याच कारखान्याचा, त्याच युद्धातला, त्याच वर्षाचा, फक्त विदाउट. तेव्हा फो शेइन चाळिशीचा होता आणि शहरात त्याला साया म्हणत, म्हणजे उस्ताद. आठ दिवस तो त्यांच्या अंगणात होता. जुना नंबर घासून काढला, खड्डा वेल्डिंगने भरला, भर कानशीने इतकी सपाट केली की गाल टेकवला तरी कळू नये. आकडे ठोकायचे ते पाण्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, असं ठरलं, कारण त्या दिवशी राजवाड्याच्या खंदकाकाठी मांडवामांडवांतून ढोल आणि कर्णे असे काही वाजतात की हातोड्याचे घाव कुणाच्या बापाला ऐकू जात नाहीत. को ट्वे फाटकावर उभा राहिला, हातात पाण्याची बादली घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवत आणि पहारा देत. मा न्वे यी, तेव्हा वय लहान म्हणून ‘दॉ’ नव्हे ‘मा’, ट्रकशी उकिडवी बसली. तिच्या हातात वेणीफणीचा आरसा होता आणि ती त्यातून ऊन खाली पाडत होती. कारखान्यात एक आकडा एका घावात बसतो. दुसरा घाव म्हणजे हातचं काम, म्हणजे तुरुंग. फो शेइनने पहिला आकडा ठोकला, दुसरा ठोकला. ठोकताना त्याची जीभ बाहेर येत असे, दातांत धरलेली. स्वतःची जीभ माणसाला दिसत नाही, आणि तोवर हे त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. सहाचा पंच लावून त्याने हातोडा उचलला, आणि मा न्वे यी हसली. म्हणाली, सायाची जीभ बघा, कुत्र्यासारखी. आरसा हलला. ऊन पट्टीवरून सटकून त्याच्या डोळ्यांत गेलं, आणि पंच उडाला.

त्याने डोळे पुसले. पंच पुन्हा लावला, पुन्हा ठोकला, जीभ आत घेऊन, आणि उरलेले आकडेही जीभ आत ठेवूनच ठोकले, त्यामुळे जबडा दुखला. संध्याकाळी तिने त्याला जेवायला वाढलं. तळलेला लसूण आणि सुकी कोळंबी घालून मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर, भात, आमटी. कोळंबीतली मोठी मोठी वेचून तिने त्याच्या ताटात टाकली होती, हे त्याने पाहिलं होतं. तेही त्याला आठवत होतं. पण आठवणींचंही गाड्यांसारखंच असतं, बाकीचं सगळं बदललं जातं, झिजतं, विकलं जातं, आणि एवढासा शिक्का तेवढा राहतो. राहिला तो ‘कुत्र्यासारखी’ हा शब्द. बायको मेली तेव्हा चितेपाशी उभं असताना त्याने जीभ दातांच्या आत आहे ना, ते चाचपून पाहिलं होतं. मुलगी परगावी दिली तेव्हा निरोपाच्या गर्दीतही. एकतीस वर्षं त्याने जीभ आत ठेवून काम केलं आणि त्यामुळे, असं तो स्वतःला सांगे, त्यानंतरचं कुठलंच काम त्या आठ दिवसांइतकं चांगलं झालं नाही. तो ट्रक अधूनमधून रस्त्यात दिसे, कलिंगडं घेऊन, विटा घेऊन, एकदा पूर येऊन गेल्यावर माणसं घेऊन. ट्रक दिसला की तो तोंड फिरवी. तपासणीवाले कितीदा तरी त्याच्याखाली शिरले असतील. कोणाच्या बोटाला सहा लागला नाही. हे चांगलं झालं होतं. आणि हे त्याला कधी सहनही झालं नव्हतं.

तो ट्रकखालून बाहेर सरपटला. उठताना गुडघ्यांनी त्रास दिला, आणि हात द्यायला कोणी पुढे झालं नाही, कारण सगळ्यांचे डोळे पेटीकडे होते. ती पेटी शनिवारी राजधानीतून आली होती. शिदोरीच्या डब्याएवढी, एका वायरीच्या टोकाला बटण. बटण लोखंडाला टेकवलं की आत लोखंड किती जाड आहे, एकजीव आहे की नाही, ते आकड्यांत दाखवायची आणि बरं असलं तर चिमणीसारखं एकदा चिवचिवायची. सोमवारी को यान नाइंगने ऊ फो शेइनला खुर्चीत बसवून, स्वतः चहा ओतून देऊन, फार अदबीने सांगितलं होतं की साया, तुमचं वय झालं, या महिन्यानंतर तुम्ही आराम करा, खडीवर झोपायचं वय आहे का हे. पोरगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. आराम म्हणजे सकाळी उठून चहाच्या दुकानात जायचं, हात वर करायचा, आणि कोणी बघायची वाट बघायची.

को यान नाइंग स्वतः ट्रकखाली शिरला. पेटी चिवचिवली. त्याने बटण तसूभर सरकवलं, पुन्हा चिवचिवली. सहावर, चारवर, शून्यावर, दोनवर, सगळ्यांवर ती चिवचिवली. ऊ फो शेइन ऐकत होता. त्याची भर इतकी घट्ट बसली होती की यंत्राला शिवण दिसत नव्हती. कानामागे घाम उतरला आणि त्याबरोबर एक सुखही उतरलं, असं सुख की त्याचे गुडघे दुखायचे थांबले. जिंकलो, त्याच्या मनात आलं. आणि लगेच आलं, कुणाविरुद्ध? पेटी जिंकली होती. पेटीने ट्रक खरा म्हटला होता. तो गप्प राहिला तर त्याचं सगळ्यांत चांगलं काम कारखान्याच्या नावावर भट्टीत जाणार होतं, आणि महिनाअखेर तो चहाच्या दुकानात. तो बोलला तर बाई तुरुंगात जाणार होती. नोंदणी तिच्या नावावर होती, खोट्या नंबराला तीन वर्षं. त्याला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. हेही दिसत होतं की ट्रक खराच आहे, युद्धातलाच आहे, परवान्यासाठी हवा तेवढा, किंबहुना त्याहून जुना आहे. खोटा आहे तो फक्त नंबर, आणि त्या खोट्याने कुणाच्या ताटातला घास गेलेला नाही. बाई को यान नाइंगला सांगत होती की मुलगा गेला, अपघातात, घरात ती आणि सून दोघीच, परवाना मिळाला की लहानसा मालट्रक आणायचा, भाजीबाजाराला. सून चालवायला शिकली आहे. एवढ्या वर्षांत गाडीने उपाशी ठेवलं नाही, ती म्हणाली, आणि ट्रकच्या लाकडी फळीवर तिने हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तिने पेटीकडे पाहिलं, को यान नाइंगकडे पाहिलं, भिंतीवरच्या पालीकडेसुद्धा पाहिलं. सुनेची, मा चो तिचं नाव, नजर एकदा त्याच्या दिशेला आली आणि गरम तव्याला लागावी तशी मागे गेली. दॉ न्वे यीची तीही आली नाही. त्याने खोकून पाहिलं. पानाची पिंक टाकायला म्हणून तो तिच्या बाजूने गेला आणि तसाच परत आला. आपला चेहरा इतका बदलला असेल का, त्याच्या मनात आलं. दात गेले, केस गेले, पण उजव्या भुवईतली भाजल्याची खूण तर तिच्यासमोरच, त्याच अंगणात, वेल्डिंगची ठिणगी उडून पडलेली होती, आणि तिनेच थानाखाच्या सुवासिक सालीचा थंडगार लेप उगाळून वर लावला होता. तिने एकदा बघावं, एवढंच त्याला हवं होतं. डोळ्यांतल्या डोळ्यांत एकदा, साया, तुम्ही, एवढं. मग तो ‘खरा’ म्हणणार होता. शब्द जिभेवर तयार होता. त्याने तो गिळलाही नव्हता आणि सोडलाही नव्हता.

को यान नाइंगने छापील कागदावरचे प्रश्न सुरू केले. गाडीची मोठी दुरुस्ती झाली आहे का. झाली आहे. कोणी केली.

“होता एक मिस्त्री,” दॉ न्वे यी म्हणाली. “मेला तो. वीस वर्षं झाली.”

“नाव?”

“आता कुठलं आठवायला. प्यायचा फार. त्यातच गेला.”

ऊ फो शेइनने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं; को ट्वेने सणाची म्हणून पुढे केलेला पेला त्याने तिच्यादेखत परत केला होता. तो ऐकत उभा राहिला आणि त्याला वाटलं, आपण खरंच इथे नाही. चार हातांवर उभा असलेला हा म्हातारा आवाराच्या सामानातला आहे, जॅक आहे, गोणपाट आहे. त्याला नंबर घासून काढल्यासारखं झालं. आधी कानशीचा खडखडाट, मग गुळगुळीत, मग काहीच नाही. वरून चिंचेचं पाणी. त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात हिशोबी मिस्त्री हळूच म्हणत होता की अरे, बाई नाव सांगत नाही हे तुझ्या भल्याचंच आहे. पण तो आवाज त्याने पूर्वीही पुष्कळदा ऐकला होता आणि त्याला तो कधी आवडला नव्हता.

“साया, तुमचंही घेऊन टाकू,” को यान नाइंग म्हणाला. कागदावर एक रकाना त्याच्या बोटांसाठी अजून होता, महिनाअखेरपर्यंत. मग बायकांना जरा हलकं वाटावं म्हणून तो हसत म्हणाला, “ही पेटी आल्यापासून सायांच्या बोटांना भात कालवण्यापलीकडे काम उरलं नाही.”

सगळे हसले. कारकून हसला, पहारेकरी हसला. आणि दॉ न्वे यी हसली, साहेब हसला म्हणून बाईमाणूस हसतं तेवढंच, तोंडावर पदरासारखा हात धरून. हसताना तिची मान डावीकडे कलली.

ऊन सटकून डोळ्यांत गेलं. आवाराला पत्र्याचं छप्पर होतं, ऊन कुठलं; पण गेलं.

“खोटा,” ऊ फो शेइन म्हणाला.

को यान नाइंगला वाटलं, म्हातारा पेटीवर रुसला. त्याने तसं समजुतीने म्हणूनही पाहिलं.  ऊ फो शेइनने पाना मागितला, सतरा नंबरचा नव्हे, इंची, कारण या ट्रकला सतराचा लागत नाही, हे पेटीला ठाऊक आहे का, असं त्याने विचारलं. पुढच्या स्प्रिंगचा आधार नंबराच्या शेजारीच चॅसिसला बोल्टांनी आवळलेला असतो. त्याच्या खालचा वीतभर भाग एकतीस वर्षांपूर्वी त्याने गालाला लावण्याइतका घासला नव्हता, कारण तिथे कोणी कधी बघणार नव्हतं. तिथे बघायचं, हे माहीत असणारा जगात एकच माणूस होता. दोघा गड्यांनी बोल्ट सोडवायला तासभर लावला. तो शेजारी उकिडवा बसून कुठला आधी, कुठला मग ते सांगत होता, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कामात गढल्यावर त्याची जीभ बाहेर आली, हे त्याचं त्यालाच जाणवलं. त्याने ती आत घेतली नाही. आधार उतरला. त्याने बॅटरीतलं तेजाब चिंधीवर घेऊन पट्टीवर फिरवलं. लोखंड आधी काळवंडलं, मग उजळलं, आणि उजळताना त्यावर एक फिकट रेघ उमटत गेली, भातावर पाणी फिरावं तशी, वेल्डिंगच्या भरीचा काठ, आधाराखालून निघून थेट नंबराच्या पोटाखाली शिरणारा.

को यान नाइंग गुडघ्यांवर बसला.  मग त्याने मोबाइल काढून त्या रेघेचे फोटो घेतले, जवळून, लांबून, पुन्हा जवळून. बोटांनीही चाचपून पाहिलं. त्याला काही लागलं नाही.

“काय हात असेल, साया,” तो म्हणाला. “पेटीला चकवलं. असं काम मी पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही. कोणी केलं असेल हे?”

एकतीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य असं आलं. ऊ फो शेइन लुंगीला हात पुसत उठला.

“मेला असेल,” तो म्हणाला. “वीस वर्षं झाली असतील.”

आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. आता ती त्याच्याकडेच बघत होती, सरळ, पापणी न हलवता. हेच त्याला हवं होतं, आणि मिळालं. त्या नजरेत राग असेल अशी त्याने तयारी ठेवली होती. शिव्या असतील, आरडाओरडा होईल, हाच तो, यानेच केलं, असं ती बोट दाखवील. दाखवलं असतं तर तो नाही म्हणणार नव्हता. त्याला तेही चाललं असतं. कदाचित तेच सगळ्यांत जास्त चाललं असतं. तिने बोट दाखवलं नाही. तिने मान हलवली, नाही अशी, इतकी हळू की मानेवरची थानाखाची वाळलेली पूडसुद्धा झडली नाही. लहान मूल भलत्या वेळी बोलू लागलं की आई करते तशी. तो त्या हालचालीचा अर्थ लावत राहिला. तिरस्कार, असं त्याने ठरवलं. ओळखसुद्धा देणार नाही, असा तिरस्कार.

जबाब तिथेच मेजावर झाला. मिस्त्रीचं नाव पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. नाव सांगितलं तर शिक्षा निम्मी होते, हे को यान नाइंगने स्वतःहून, मऊ आवाजात सांगितलं, कारण पोरगा वाईट नव्हता. दॉ न्वे यी म्हणाली, मेलेल्याचं नाव घेऊन काय करता. मा चोने तोंड उघडलं. सासूने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तिने ते मिटलं. मग पहारेकरी आला. उठताना बाईच्या चपलेचा मखमली पट्टा तुटला. तिने दोन्ही चपला काढून सुनेच्या हातात दिल्या आणि ती अनवाणी चालत गेली, खडीवरून, वळलेला अंगठा जपत. मा चो ट्रकपाशी उभी राहिली. तिने फळीवर हात ठेवला नाही. जाताना ती ऊ फो शेइनसमोर थांबली, काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि तिने फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं, दोन्ही हातांकडे, एकामागून एक, बाजारात मासळी बघतात तसं.

पेटी खोक्यात घालून राजधानीला परत गेली. सोबत को यान नाइंगचं पत्र होतं, की या भागातल्या कामाला यंत्र पुरेसं नाही. ऊ फो शेइनला पुढच्या वर्षापर्यंत ठेवून घेतलं. गोणपाटाच्या जागी त्याला चाकांची फळी मिळाली, तिच्यावर उताणं पडून ट्रकखाली सरकता येतं. चहाच्या दुकानात ही गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. तो आत आला की बोलणं थांबू लागलं. सगळे बघू लागले. हात वर करायच्या आधी चहा येऊ लागला, आणि चहा ठेवणारा पेला ठेवून झटकन मागे सरे. तो सावकाश पिई. पिताना मधल्या बोटाचं टोक मेजाच्या कडेवर फिरवत राही, तिथे काही कोरलेलं आहे का ते बघितल्यासारखं. भट्टीच्या गाडीत ट्रक चढवला त्या दिवशी तो मुद्दाम हजर राहिला. हौदा आधीच काढला होता. सागवानाला गिऱ्हाईक असतं. नुसती चॅसिस होती. दोरखंडाला लटकून ती वर गेली, हवेत गोल फिरली, आणि नंबराची बाजू त्याच्याकडे आली. इतक्या लांबून सहा दिसणं शक्य नव्हतं. त्याने तोंड फिरवलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी सात वाजता, फाटकाबाहेरच्या रांगेत, दॉ न्वे यीने सुनेला सांगितलं होतं की आत बाकावर बसलाय तो म्हातारा आपला माणूस आहे, त्याच्याकडे बघायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही, काही झालं तरी त्याच्यावर येता कामा नये.